वकिलाची सनद खरी की खोटी, घरबसल्या कशी बघायची? (नागपूर)

बर्डीकर | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, थोडं लांबलचक आहे, पण वाचा.

माझी मावशी हिंगण्याकडे राहते. मावसाजी गेल्यावर प्लॉटच्या वाटणीवरून दिरांशी वाजलं. प्लॉट आरएलवाला (म्हणजे नियमित झाल्याचं 'रिलीज लेटर' असलेला), कागद सगळे मावसाजींच्या नावचे, म्हणजे तसं बघितलं तर प्रकरण सरळ. कोर्टाच्या आवारात झेरॉक्सच्या रांगेत तिला एक 'वकीलसाहेब' भेटले. काळा कोट, पांढरा बँड, बगलेत लाल फितीच्या तीन फायली, बोलणं असं की साखर कमी पडावी. "ताई, सहा महिन्यांत हातात निकाल देतो."

चौदा महिन्यांत ३८,००० रुपये गेले. पावती म्हणजे शंभर पानी वहीचं फाडलेलं पान. त्यावर '१२००० मिळाले' आणि खाली कोंबडी चालून गेल्यासारखी सही. दर पेशीच्या (कोर्टाच्या तारखेच्या) आदल्या संध्याकाळी फोन यायचा: "उद्या येऊ नका ताई, जजसाहेब रजेवर आहेत."

मला हे कळलं गेल्या महिन्यात. मी केस नंबर मागितला. दोन दिवस टाळाटाळ झाली, मग व्हॉट्सॲपवर अकरा आकडे आले. आता सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा ओळख क्रमांक, असतो सोळा अक्षरी, आणि आपल्या जिल्ह्याचा एमएचएनजीपासून सुरू होतो. कोर्टांच्या केसेस दाखवणाऱ्या ई-कोर्ट साइटवर मावशीच्या नावानं शोधलं, दिरांच्या नावानं शोधलं, दोन्ही वर्षं टाकून बघितली. काहीच नाही. दावा दाखलच केलेला नाही!

पैशापेक्षा मोठी पंचाईत म्हणजे मूळ कागद त्याच्याकडे आहेत.

त्याच्या कार्डावर सनद क्रमांक आहे, एमएएच, मग चार आकडे, मग वर्ष. हा माणूस वकील आहे तरी का, हे कुठं बघू? घर विकणारा एजंट महारेरावर दिसतो. सीएनं दिलेल्या दाखल्यावर २०१९ पासून अठरा आकडी यूडीआयएन असतो, तो कोणीही तपासू शकतो. डॉक्टरचंही नाव रजिस्टरमध्ये शोधता येतं. वकिलाचं काय? वकिलांची यादीही अशी ऑनलाइन सगळ्यांना दिसायला हवी ना?

तर्रीवाला | सोमवार, रात्री १०:१२

काहून बे, ३८ हजार जाईपर्यंत तू काय झोपून होता का?

आणि मावशीले सांग, झेरॉक्सच्या रांगेत मिळते तो वकील नसते, दलाल असते. खरा वकील सकाळी साडेदहाले पळत असते राजा, त्याले रांगेत उभं राहून गोड बोलाले टाइम कुठी हाय!

बर्डीकर | सोमवार, रात्री १०:२०

@तर्रीवाला, मावशीनं कोणाला सांगितलंच नव्हतं. विधवा बाई कोर्टात जाते म्हणून नातेवाईक नावं ठेवतील, ही भीती. असो.

धंतोली_सिव्हिल | सोमवार, रात्री ११:०५

मी दिवाणी बाजूला वकिली करतो, म्हणून आधी कायद्याचं सांगतो.

वकिलांचा कायदा १९६१ चा, ॲडव्होकेट्स ॲक्ट. कलम १७ प्रमाणे प्रत्येक राज्याच्या बार कौन्सिलनं वकिलांची नामावली ठेवायची, ज्याला आम्ही रोल म्हणतो. कलम १९ प्रमाणे तिची प्रत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. रोलवर नाव नसेल तर तुम्ही एलएल.बी. असाल, एलएल.एम. असाल, पण वकील नाही. आणि रोलवर नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. फसवणुकीचा आणि तोतयेगिरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली वेगळा.

आपली कौन्सिल महाराष्ट्र आणि गोव्याची एकत्र आहे, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही तिच्यातच. कार्यालय मुंबईत, फोर्टात. पक्का रस्ता म्हणजे कौन्सिलला लेखी विचारणा: हा क्रमांक कोणाच्या नावावर आहे, नोंदणी कधीची आहे, आज सनद चालू आहे का. तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. फक्त 'हा वकील आहे का' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येईल.

एक अनाहूत सल्ला. 'कोर्टात नाही तर ग्राहक मंचात खेचतो' असं कोणाला वाटत असेल तर तो रस्ता बंद आहे. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे खऱ्या वकिलानं कामात कुचराई केली तर फिर्याद कौन्सिलकडेच, कलम ३५ खाली. तिथं समज देण्यापासून सनद काही काळ थांबवण्यापर्यंत किंवा रोलवरून नाव काढण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण हे सगळं वकील असलेल्यांना. तुमचा माणूस वकीलच नसेल तर कौन्सिल त्याची सनद काय काढून घेणार? तिथं पोलीस ठाणंच.

लॅपटॉप_आणि_लिंबूसोडा | मंगळवार, सकाळी ८:३०

क्रमांक तपासायचा एक जुगाड सांगतो. घरून होतो, फुकट होतो.

ई-कोर्टच्या साइटवर किंवा ॲपवर राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडा. केस शोधायच्या पर्यायांत 'ॲडव्होकेट' असा एक आहे. त्यात वकिलाच्या नावानं शोधता येतं तसं बार रजिस्ट्रेशन क्रमांकानंही येतं: राज्याचा कोड, आकडा, वर्ष असे तीन रकाने. त्या क्रमांकावर त्या संकुलात ज्या केसेस आहेत त्यांची यादी येते, वकिलाच्या नावासकट.

पण दोन गोष्टी. यादी रिकामी आली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. नवा वकील असेल, दुसऱ्या जिल्ह्यात काम करत असेल, फक्त हायकोर्टात उभा राहत असेल. आणि यादी आली म्हणून तुमच्यासमोर बसलेला माणूस तोच, हेही सिद्ध होत नाही. क्रमांक आणि नाव जुळतंय का ते बघा.

बर्डीकर | मंगळवार, सकाळी ९:१५

@लॅपटॉप_आणि_लिंबूसोडा, भाऊ, पाय धरतो तुझे.

टाकला क्रमांक. यादी आली. एकवीस केसेस, बहुतेक मोटार अपघाताच्या भरपाईच्या. आणि वकिलाचं नाव एका बाईंचं आहे!

तर्रीवाला | मंगळवार, सकाळी ९:१८

😳 मंग मावशीचे वकीलसाहेब मिशीवाले होते का?

बर्डीकर | मंगळवार, सकाळी ९:२०

जाड मिशीवाले.

जुना_मुन्शी | मंगळवार, दुपारी १:४०

मी एका वकिलांकडे तेहतीस वर्षं मुन्शी होतो. आता गुडघ्यानं बसवलं. माझं म्हणणं असं की ऑनलाइन होईल तेव्हा होईल, तोवर पक्षकारानं वकीलपत्र वाचायला शिकावं.

वकीलपत्र, म्हणजे पक्षकारानं वकिलाला लिहून दिलेला अधिकार, हा पहिला कागद. त्यावर वकिलाचं नाव, सही, सनद क्रमांक, पत्ता, मोबाईल असतो. वेल्फेअर फंडाचं तिकीट चिकटवलेलं असतं. पक्षकार सही करतो आणि मोकळा होतो. अर्ध्या वेळा तर कोऱ्या छापील नमुन्यावर सही करतात, बाकीचं आम्ही नंतर भरायचो. हे मी स्वतः केलेलं आहे, लपवत नाही. त्या काळी कोणी विचारतच नसे. सही करायच्या आधी वरचे रकाने भरून घ्या आणि तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढा. खरा वकील चिडणार नाही. चिडला तर तेही कळलं.

दुसरं, मूळ कागद कधीच देऊ नका. झेरॉक्स द्या. मूळ दाखवायची वेळ येईल तेव्हा तुम्ही स्वतः घेऊन या, दाखवा, घरी न्या. आमच्या साहेबांच्या टेबलावर एकदा चहा सांडला आणि एका म्हाताऱ्याचं १९६२ चं खरेदीखत पार चॉकलेटी झालं. म्हातारा काही बोलला नाही, नुसता रुमालानं टिपत राहिला. मला अजून ते दिसतं.

धंतोली_सिव्हिल | मंगळवार, दुपारी २:१०

मुन्शीजींना दुजोरा. आणि फी बाकी आहे म्हणून खऱ्या वकिलालाही फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच हे स्पष्ट केलं आहे. फीसाठी वेगळा दावा लावा, कागद द्या.

महालातला | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

जरा अवांतर, पण मला वाटतं मुद्द्याशी जोडलेलं.

आमचे आजोबा नागपूर हायकोर्टात वकील होते. आजचं मुंबई हायकोर्टाचं बेंच नव्हे, वेगळं हायकोर्टच. जानेवारी १९३६ मध्ये ते सुरू झालं आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडचं हायकोर्ट इथंच होतं. महालातल्या वाड्यात त्यांची बैठक होती. गादी, तक्के, मागे पुस्तकांची कपाटं. अशील जिथं बसायचा त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत सनद टांगलेली. दिवाळीच्या आधी आजी ती चौकट उतरवून ओल्या फडक्यानं पुसायची आणि खिळ्यावर पुन्हा लावताना आजोबा दोनदा सांगायचे, "वाकडी नको, सरळ लाव."

मला लहानपणी वाटायचं की हा मिरवायचा प्रकार. आता कळतं की अशिलानं वाचावी म्हणूनच ती तिथं होती. सगळ्यांना वाचता यायचं नाही, पण वाचणारा कोणी ना कोणी सोबत असायचा.

आता वकील चेंबरमध्ये भेटत नाही, व्हॉट्सॲपवर भेटतो. भिंत गेली, तर सनद कुठं टांगायची? मोबाईलवरच ना?

काळाकोट_ती | मंगळवार, रात्री ८:५०

दोन्ही बाजूंनी बोलणार आहे, आधीच सांगते.

सनद ऑनलाइन दिसावी, याला माझा पूर्ण पाठिंबा. तोतयांचा त्रास पक्षकाराइतकाच आम्हालाही होतो. २०२१ मध्ये केरळात आलप्पुझाला एक प्रकरण उघडकीला आलं होतं: एक बाई दोन वर्षांहून जास्त काळ वकिली करत होती, बार असोसिएशनच्या निवडणुकीत ग्रंथपाल म्हणून निवडूनही आली होती, आणि वापरत होती दुसऱ्याच वकिलाचा नोंदणी क्रमांक. सोबत काम करणाऱ्या वकिलांना पत्ता लागला नाही, मग हिंगण्याच्या मावशीला कसा लागावा?

पण ऑनलाइन म्हणजे काय काय? माझं नाव, क्रमांक, नोंदणीची तारीख, सनद चालू की बंद, एवढं जगाला दिसू दे. घरचा पत्ता आणि मोबाईल अजिबात नको. मी कौटुंबिक न्यायालयात काम करते. समोरच्या बाजूचे नवरे रात्री अकराला फोन करतात. एक तर सोसायटीच्या गेटवर येऊन वॉचमनला माझा फ्लॅट विचारून गेला. कौन्सिलच्या नोंदीत पत्ता असतो तो कौन्सिलसाठी, टपोरीसाठी नाही.

आणि प्रलंबित तक्रारी दाखवू नका. निम्म्या तक्रारी हरलेल्या पक्षकाराच्या किंवा दबाव आणायला विरुद्ध पार्टीनं केलेल्या असतात. शिस्त समितीचा निकाल लागला, सनद थांबवली, तर जरूर दाखवा, तारखेसकट. निकालाआधी नाही.

टोरांटोचा_वऱ्हाडी | मंगळवार, रात्री ११:५५

इकडे ओंटारिओत लॉ सोसायटीची डिरेक्टरी सगळ्यांना खुली आहे. नाव टाकलं की तो माणूस वकिली करतोय, थांबलाय की निलंबित आहे ते दिसतं, शिस्तभंगाचा इतिहासही. कॅलिफोर्नियाच्या स्टेट बारचंही तसंच, परवाना क्रमांकासकट. आम्ही घर घेतलं तेव्हा वकील ठरवायच्या आधी मी जेवताजेवता दोन मिनिटांत बघितलं होतं. पत्ता असतो तो ऑफिसचा.

@काळाकोट_ती, प्रलंबितबद्दल मात्र सहमत नाही. समिती प्रकरण चालवण्याजोगं आहे म्हणते, त्याला काहीतरी वजन असेलच ना? लोकांना कळू दे की. ठरवतील ते.

काळाकोट_ती | बुधवार, सकाळी ७:४०

लोक ठरवत नाहीत, लोक स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात. आपल्याकडे कलम ३६ब प्रमाणे तक्रार एका वर्षात निकाली निघाली पाहिजे, नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तोवर नुसत्या 'तक्रार प्रलंबित' या दोन शब्दांवर पाच वर्षं वकिली झालेल्या मुलीचं दुकान बंद होईल. मोठ्या वकिलाला काही फरक पडणार नाही.

टोरांटोचा_वऱ्हाडी | बुधवार, सकाळी ८:०५

हं. मुलीचा मुद्दा पटला. मोठ्या वकिलाचा जास्तच पटला.

सनद_कपाटात | बुधवार, दुपारी १२:३०

'चालू की बंद' हा रकाना का हवा, त्याचं चालतंबोलतं उदाहरण मी.

मी सहा वर्षं वकिली केली, मग एका बँकेत लॉ ऑफिसर लागलो. पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९. सनद थांबवायची म्हणून कौन्सिलला कळवलं. म्हणजे माझं नाव खरं, क्रमांक खरा, पदवी खरी. पण आज मी कोणाचं वकीलपत्र घेतलं तर ते चूक. आणि माझी जुनी कार्डं अजून सासुरवाडीला फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली आहेत! एक चुलत सासरे अजून 'आमचे जावई वकील' म्हणून तारखा विचारतात.

त्यात नव्या मुलांचं वेगळंच. २०१०-११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली. सनद आधी घेतली तर दोन वर्षांत परीक्षा काढावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ही परीक्षा वैध ठरवली. म्हणजे नुसता क्रमांक दाखवणारी यादी अर्धवट. त्या दिवशीची स्थिती काय, हे हवं.

लॅपटॉप_आणि_लिंबूसोडा | बुधवार, दुपारी १:००

पण यादी सगळ्यांसमोर टाकायला कायद्याची अडचण आहे का? हल्ली कोणाला काही विचारलं की 'डेटा प्रोटेक्शन' म्हणून हात वर करतात.

धंतोली_सिव्हिल | बुधवार, दुपारी १:४५

२०२३ च्या त्याच डेटा प्रोटेक्शन कायद्यात कलम ३ आहे. कायद्यानं जी माहिती जाहीर करणं बंधनकारक आहे, ती जाहीर झाल्यावर त्या कायद्याच्या बाहेर राहते. तेव्हा 'एवढे रकाने जाहीर करा' असं नियमातच लिहिलं की प्रश्न मिटतो. कौन्सिलच्या निवडणुकीला वकिलांची मतदार यादी निघतेच. मतांसाठी निघते ती पक्षकारासाठी का निघू नये?

वकिलाच्या बाजूनंही पूर्वीइतकी बंदी नाही. आम्हाला जाहिरात करता येत नाही हे खरं, पण २००८ मध्ये नियम ३६ बदलला आणि स्वतःच्या वेबसाइटवर नाव, संपर्क, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, कोणती कौन्सिल, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं टाकायला परवानगी मिळाली. आमच्यातल्या किती जणांनी टाकलंय ते विचारू नका. मीही टाकलेलं नाही. (आज टाकतो.)

एक मात्र आहे. जी यादी उघडी करायची ती आधी साफ हवी. गेलेल्यांची नावं, नोकरीत गेलेल्यांची नावं, खोट्या पदव्यांवर घेतलेल्या सनदा. १० एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली पडताळणीसाठी समिती नेमली आणि विद्यापीठांनी वकिलांच्या पदव्या फी न घेता तपासून द्याव्यात असं सांगितलं. आम्हीही गुणपत्रिकांच्या झेरॉक्स जोडून अर्ज भरले. माझी एलएल.बी.ची दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका आईच्या शिलाई मशीनच्या खणात सापडली.

तर्रीवाला | बुधवार, दुपारी ३:२०

हे सगळं ठीक हाय बाप्पा, पन मावशीचं काय झालं ते सांगा ना कोनी. बर्डीकर कुठी गेला?

बर्डीकर | शनिवार, रात्री १०:३०

आलो. तीन दिवस फक्त कोर्टाजवळचा आकाशवाणी चौक ते पोलीस ठाणं, पोलीस ठाणं ते आकाशवाणी चौक.

ज्या बाईंचा क्रमांक होता त्यांना जाऊन भेटलो. कोर्टातच शोधलं, एका पोऱ्यानं बोट दाखवलं. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि आपलं ओळखपत्र काढून शेजारी ठेवलं. आकडे तंतोतंत तेच. मिनिटभर गप्प. मग म्हणाल्या, "वर्ष तरी बदलायचं ना याने." माझ्यासमोरच त्यांनी लेखी दिलं की हा माणूस त्यांच्याकडे कधी कामाला नव्हता आणि क्रमांक त्यांचा आहे. कौन्सिलला त्या स्वतंत्र कळवणार आहेत.

ठाण्यात आधी 'दिवाणी मामला आहे' असं ऐकलं. ई-कोर्टची प्रिंट, वहीचं पान, कार्ड आणि बाईंचं पत्र असं एकावर एक ठेवलं तेव्हा अर्ज घेतला. त्याचा फोन बंद आहे. पैसे गेले असं धरून चाललोय. कागद मात्र अर्धे परत मिळाले. झेरॉक्सवाल्याकडे एक पिशवी ठेवून गेला होता, त्यात मावशीचं आरएल पत्र निघालं, आणखी चार अनोळखी लोकांचे सातबारेही. ते सगळं ठाण्यात जमा केलंय, मावशीचं पत्र पंचनामा झाल्यावर मिळेल म्हणतात.

नवा वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतोय. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, फुकट मिळतो, हे मला माहीतच नव्हतं. ज्यांना लागेल त्यांनी १५१०० वर फोन करा. एक तरुण वकीलबाई दिल्या आहेत. मावशी त्यांच्या समोर बसली आणि नाव-गाव व्हायच्या आधी म्हणाली, "बाई, तुमचा नंबर सांगा. पोरगा मोबाईलात बघेल." मी शरमेनं खाली बघत होतो. त्या हसल्या, हळूहळू आकडे सांगितले आणि वर म्हणाल्या, "नावही जुळवा, दादा."

जुळलं.

जुना_मुन्शी | शनिवार, रात्री १०:५५

वकीलपत्राचा फोटो काढला का?

बर्डीकर | शनिवार, रात्री १०:५८

काढला मुन्शीजी. रकाने भरल्यावर.

तर्रीवाला | शनिवार, रात्री ११:०२

तो झेरॉक्सवाला कोन्ता बे? उद्याच्याले माह्या भावाचे कागद तिथीच टाकले हाय.